रुलोच्या बायका वळून बघतात

कुठूनही निघायचं म्हटलं की रुलोच्या बायकांचं एक ठरलेलं. गाडीत बसायच्या आधी त्या परत आत जायच्या. चर्च असो, दवाखाना असो, सोयऱ्याचं घर असो, नाहीतर हायवेवरचं कळकट हॉटेल. आत जाऊन टेबलाखाली वाकायच्या, दाराआड डोकवायच्या आणि बाहेर येऊन म्हणायच्या, "चला. कुणी राहिलं नाही."

कुणाला बघायचं, ते एकीलाही सांगता यायचं नाही. आईनं बघितलं म्हणून लेकीनं बघितलं. लग्नागणिक आडनावं बदलली, पण मिनेसोटा नदीच्या त्या काठाला सगळे त्यांना रुलोच्याच बायका म्हणायचे, आणि त्या निघाल्या की हॉटेलवाले आपापसात हसायचे. "थांबा, अजून टेबलाखाली बघायचंय."

डेल्फिनची आई त्यात सगळ्यांवर ताण. घरात पोर एकच, डेल्फिन. तरी बाई ट्रकमध्ये बसल्यावर बोटं दुमडत मोजायची. एक, दोन, तीन, आणि मग थांबायची. शेगडीवर दूध ठेवून आलेल्या बाईचा चेहरा होतो, तसा तिचा व्हायचा.

"आता काय विसरलीस?" बाप विचारायचा.

"काही नाही. एक कमी वाटतंय."

"तीन माणसं आपण. तिघंबी बसलोय. तुझ्या फ्रेंच आज्याला आणायचाय का थडग्यातनं?"

बाप गाडी काढायचा. आई कोपऱ्यावरचं वळण येईपर्यंत मान मागं करून बसायची. दवाखान्यात शेवटचा श्वास घेताना तिनं लेकीला पाणी मागितलं नाही की पाद्री मागितला नाही. "मोजलं का गं?" एवढंच विचारलं आणि गेली. डेल्फिन तेव्हा चाळिशीची. तिनं उगीच "हो" म्हणून सांगितलं. ते खोटं तिला पुढं कायम टोचत राहिलं.

आता डेल्फिन एकोणसत्तरची आहे. ठेंगणी, रुंद, दोन्ही हातांवर कोपरापर्यंत भट्टीचे जुने चट्टे, कारण एकतीस वर्षं तिनं शाळेच्या स्वयंपाकघरात पोरांना जेवू घातलं. नवरा स्वीडिश, आर्नी स्वेन्सन. सरळ माणूस. अकरा वर्षांमागं गेला. डेल्फिनचे केस डाकोटा या आदिवासी जमातीच्या बाईचे, जाड आणि सरळ. नाक मात्र कॅनडातनं आलेल्या कातड्यांच्या फ्रेंच व्यापाऱ्याचं, टोकाला वाकलेलं. लहानपणी गोऱ्यांची पोरं तिला इंडियन म्हणून ढकलायची आणि डाकोटा पोरं फ्रेंची म्हणून चिडवायची. ती दोन्हीकडच्यांना सारखंच बडवायची. फ्रेंच तिला येते ती प्रार्थनेपुरती आणि शिव्यांपुरती. आजीनं दोन्ही एकाच दमात शिकवलं. डाकोटा भाषा येतच नाही. ती आजीच्या तोंडातनं निवासी शाळेतल्या नन बायांनी साबण लावून काढली होती, आणि आजीनं ती पुन्हा तोंडात घेतली नाही.

त्या भाषेतला एकच शब्द घरात उरला होता. हापस्तिन. दर पिढीत एका पोरीला ते घरातलं नाव मिळायचं. आईची नथ लेकीकडं जावी, तसं ते खाली यायचं. आजीच्या आजीचं नाव ते. तिचं बाप्तिस्म्याचं नाव जोझेत, पण घरात हापस्तिन. मग तिच्या लेकीचं, मग नातीचं, मग डेल्फिनच्या आईचं, मग डेल्फिनचं. अर्थ कुणी विचारला नाही. नाव चांगलं होतं, घरचं होतं, संपलं.

घर नदीच्या अगदी बगलेला. इतकं खाली की वसंतात बर्फ वितळलं की पाणी आधी त्यांच्या पायरीला लागायचं, मग बाकीच्या गावाला. आर्नी म्हणायचा, "बेडकानंसुद्धा इथं घर बांधलं नसतं." पण रुलोच्या बायका हलायच्या नाहीत. पूर आला की शाळेत जाऊन झोपायच्या, ओसरला की परत यायच्या, गाळ फावड्यानं काढायच्या, भिंतीला चुना मारायच्या. गाव म्हणायचं, अडेल जात. जुनी गोष्ट सांगायचे, की सगळ्या डाकोटांना मिनेसोटातनं हाकलून दिल्यावर बऱ्याच वर्षांनी रुलो कुटुंब परत आलं, तेव्हा वर टेकडीवर चांगली कोरडी जमीन मिळत होती. जोझेतच्या आईनं ती नाकारली. हीच जागा पाहिजे म्हणून ती म्हातारी तीन दिवस इथं गवतात बसून राहिली.

गेल्या साली पाणी खिडकीपर्यंत आलं. मग काउंटीनं, म्हणजे तिथल्या जिल्हा प्रशासनानं, ठरवलं की पूररेषेतली घरं विकत घ्यायची, पाडायची आणि तिथं गवत लावायचं. डेल्फिनची लेक कोलेत सेंट पॉलला असते, दातांच्या दवाखान्यात कामाला. तिनं आईला ठणकावलं, "माँ, या वेळी ऐकायचं. माझ्याकडं खालची खोली रिकामी आहे. हीटर चालतो, पाणी शिरत नाही. अजून काय पाहिजे?"

डेल्फिननं ऐकलं. गुडघे बोलायला लागले होते. तिनं खोकी भरली, कोंबड्या देऊन टाकल्या. आणि ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात काउंटीची बाई कागद घेऊन आली.

ही बाई म्हणजे मृणालिनी, काउंटीच्या पाणी विभागातली इंजिनीअर. पुण्यात शिकलेली, मूळची साताऱ्याकडची, नऊ वर्षं मिनेसोटात. बर्फाचे बूट दारात काढून मोज्यांवर घरात येणारी ती एकटीच सरकारी माणूस, म्हणून डेल्फिनला ती बरी वाटायची.

"मिसेस स्वेन्सन, इथं सही, इथं सही आणि ही शेवटची."

डेल्फिननं चष्मा लावला. शेवटच्या कागदावर एकच ओळ होती. या घरात आता कोणीही राहिलेलं नाही, याची मी खात्री देते.

पेन तिच्या हातात तसंच राहिलं.

"ही नाय मी करत."

"का? काही चुकलंय का त्यात?"

"खात्री देते म्हणे. कशाच्या जिवावर देऊ?"

मृणालिनीला वाटलं, म्हातारी थट्टा करतीय. "तुम्ही एकट्याच राहता ना इथं?"

"मी एकटीच राहते. पण कुणी राहिलं नाय, असं मला कुठं म्हाईत हाय?" डेल्फिननं पेन टेबलावर ठेवलं. "पोरी, माझ्या आईनं अख्खं आयुष्य माणसं मोजली आणि दर वेळी एक कमी भरलं. आजीचंबी तसंच. या घरात जेवायला बसलं की कुणीतरी माझ्याकडं पाठ करून बसल्यासारखं वाटतं. दिसत नाय. पण ताट वाढताना माझा हात एका जागेवर थांबतो. भुताचं म्हणत नाय मी. मी शाळेत पाचशे ताटं वाढायची, मला मोजता येतं."

मृणालिनीनं कागद परत गोळा केले. नऊ वर्षांत तिनं पुष्कळ घरं रिकामी करून घेतली होती. तिथं रडारड ऐकली होती, शिव्या ऐकल्या होत्या. असं पहिल्यांदाच ऐकत होती.

"एकतीस तारखेला घर पाडायचं मशीन येणार," ती शेवटी म्हणाली. "त्याच्या आधी ही सही लागेल. नाहीतर सगळंच कॅन्सल होईल, आणि पुढच्या वर्षी पैसे मिळतील की नाही सांगता येत नाही."

"मग त्याच्या आत शोधते," डेल्फिन म्हणाली. काय शोधायचं ते तिलाही ठाऊक नव्हतं.

कोलेत फोनवर भडकली. "शोधते? काय शोधतेस? टेबलाखाली बघ आणि सही कर, यार माँ!" 'यार' हा शब्द तिच्या दवाखान्यातल्या एका भारतीय डॉक्टरीणबाईकडनं तिला चिकटला होता.

डाकोटा समाजाच्या सभागृहात दर गुरुवारी दुपारी भाषेचा वर्ग भरायचा. शिकवणारा व्हर्जिल, वय चौऱ्याऐंशी, दात चार, आवाज मात्र खणखणीत. सगळे त्याला लेकशी म्हणायचे. लेकशी म्हणजे मामा. डेल्फिन इतकी वर्षं त्या वर्गाला गेली नव्हती. शरम वाटायची. त्या गुरुवारी मात्र गेली, कारण जुनं विचारायचं तर आता तोच एक उरला होता.

"घरातलं नाव काय तुझं?" व्हर्जिलनं विचारलं.

"हापस्तिन."

"अरे वा!" म्हातारा खूश झाला. "मग थोरल्या दोघी कुठायत? त्यांनाबी आणायचं की."

"कुठल्या थोरल्या? मी एकटीच."

व्हर्जिलनं कपाळाला आठ्या घातल्या. "एकटी कशी असशील? एकटी असतीस तर वीनोना असतीस."

वर्गातली चार माणसं हसली. डेल्फिन हसली नाही. व्हर्जिलनं पाच बोटं वर केली आणि एकेक दुमडत सांगितलं. डाकोटांमध्ये पोर जन्मलं की आधी त्याच्या नंबराचं नाव मिळतं. पहिली मुलगी वीनोना. दुसरी हापन. तिसरी हापस्तिन. चौथीचं वेगळं, पाचवीचं वेगळं. मुलग्यांचं सगळंच निराळं. हे कुणी कुणाला आवडलं म्हणून ठेवत नाही. आपण थोरली म्हणतो, मधली म्हणतो, धाकटी म्हणतो, तसलं आहे ते. डेल्फिननं ते नाव घरात आईकडनं लेकीकडं कसं खाली आलं ते सांगितलं. "तुमच्या फ्रेंच लोकांनी ते दागिन्यासारखं वापरलं व्हय?" व्हर्जिल म्हणाला. "एकुलत्या एक पोरीला तिसरी म्हणून हाका मारल्या? चार पिढ्या?"

"आम्हांला वाटलं, ते नुसतं नाव हाय."

"पहिली कोण व्हती या नावाची?"

"आजीची आजी. जोझेत."

"तिला ते नाव कुणी दिलं? आईनंच ना? तिच्या आईला मोजता येत असंल की."

डेल्फिन खुर्चीवरनं उठली. तिच्या घरी भिंतीवर मामेभावानं बनवून दिलेला वंशवृक्ष टांगलेला होता. त्यात ज्याँ-बातीस्त रुलो आणि त्याच्या डाकोटा बायकोला मुलगा एक आणि मुली दोन. थोरली मारी. धाकटी जोझेत. तिनं हातातल्या बोटांवर मोजलं. एक. तीन.

मधलं बोट तसंच उभं राहिलं.

व्हर्जिलनं कपाटातनं एका जुन्या यादीची झेरॉक्स काढली. डाकोटा आणि अमेरिकन सरकार यांच्यातल्या अठराशे बासष्टच्या लढाईनंतर नोव्हेंबरच्या थंडीत सोळा-सतराशे बाया, पोरं आणि म्हातारी माणसं नदीकाठानं चालवत नेली, किल्ल्याखालच्या छावणीत कोंडली, आणि उन्हाळ्याच्या तोंडाला बोटीत घालून मुलखाबाहेर टाकली. छावणीत पोचल्यावर शिपायांनी डोकी मोजली होती. त्या यादीत एक ओळ होती. रुलोची बायको, मुलगा एक, मुली दोन.

"आमचा वंशवृक्ष हितनंच सुरू होतो," डेल्फिन म्हणाली. "जमातीत नाव लावायला हीच यादी दाखवावी लागती. भावानं ह्याच्यावरनंच काढला."

"व्हय. यादीत जे नाय, ते नव्हतंच, असं धरतात."

दुसऱ्या दिवशी ती जुन्या मिशनच्या चर्चमध्ये गेली. वह्या तळघरात होत्या. पाद्र्याचं अक्षर कोंबडीच्या पायासारखं, भाषा फ्रेंच. डेल्फिनला मुलगी म्हणजे काय, पहिली-दुसरी म्हणजे काय, एवढं कळत होतं, आणि तेवढंच लागणार होतं. दीड तास बोट फिरवल्यावर सापडलं. मारी, पहिली. मग तीन वर्षांनी आंजेलिक, ज्याँ-बातीस्त रुलोची दुसरी मुलगी. मग जोझेत, तिसरी. पुरल्याच्या नोंदी तिनं सगळ्या बघितल्या, त्या सालापासनं पुढची वीस वर्षं. आंजेलिक कुठंही नव्हती.

लढाईच्या साली ती पाच वर्षांची असणार. बाप तेव्हा बैलगाड्या घेऊन उत्तरेला व्यापाराला गेलेला. आई तीन पोरी आणि एक मुलगा घेऊन निघाली आणि छावणीत दोन पोरी घेऊन पोचली. मधे काय झालं, ते कुठल्याच वहीत नव्हतं. थंडीनं गेली, की वाटेत लोकांनी दगड मारले तेव्हा हात सुटला, की आईनंच कुणा ओळखीच्या फ्रेंच घरात लपवून ठेवली, परत येते म्हणून.

डेल्फिन गाडीत येऊन बसली. किल्ली फिरवली नाही. जोझेतच्या म्हाताऱ्या आईनं टेकडीवरची कोरडी जमीन का नाकारली ते तिला आत्ता कळलं. पाच वर्षांच्या पोरीला दुसरं कुठलं घर ठाऊक असणार? परत यायची झाली तर ती इथंच येईल. म्हणून म्हातारी तीन दिवस गवतात बसली. मग तिनं कुणाला काही सांगितलं नाही, आणि नुसतं बसून राहायचं तेवढं लेकींच्या अंगात उतरलं. वर्षानुवर्षं त्यांनी गाळ उपसला. निघताना दारात मागं वळून बघत राहिल्या. पोरगी राहिली ती राहिलीच, आणि तिची वाट बघायची कशासाठी तेही त्या विसरल्या.

"मोजलं का गं?" आईनं विचारलं होतं.

ती तडक व्हर्जिलकडं गेली. "लेकशी, मला सांग काय करायचं. ती मेली का नाय तेच म्हाईत नाय."

"दीडशे वर्षांच्या वर झाली," व्हर्जिल म्हणाला. "जिवंत असली तर माझ्याकडं घेऊन ये. तिच्याकडनं भाषा नीट शिकून घेतो." मग त्यानं खुर्ची जवळ ओढली. "तुम्ही मेलेल्यांना ताट ठेवता का?"

"दर वर्षी ठेवतो की. नावं घेऊन, बाहेर गवतात."

"मग तिचं नाव कधी घेतलं?"

डेल्फिननं दर वर्षी घेतलेली नावं बोटांवर आठवून बघितली.

"ज्याचं नाव घेत नाय त्यानं कसं जेवायचं? बाकीचे जेवत असतील आणि ती बघत असंल. ताट ठेव. जे तुम्ही खाल तेच ठेव, वेगळं गोडधोड नको. आणि हाक मार. आंजेलिक म्हणून नको मारू, ते पाद्र्यानं ठेवलेलं. आईनं ज्या नावानं शोधली असंल, त्या नावानं मार."

"आणि ती आली, हे मला कसं कळायचं?"

"ते मला काय इचारतीस?" व्हर्जिल म्हणाला. "मोजायची सवय तुमच्या घरात हाय."

तीस तारखेला कोलेत नवीन गाडी घेऊन आली. बाहेर सुई टोचावी तसा वारा. गाडीत पुढं-मागं वेगवेगळा हीटर होता आणि ती तो आईला दोन वेळा दाखवून झाली होती. खोकी लादली. दुपारी बाराला मृणालिनी आली, कागद हातात, चेहरा चोरट्यासारखा.

"जेवायची वेळ हाय," डेल्फिन म्हणाली. "बूट काढ आणि बस."

रिकाम्या स्वयंपाकघरात एक टेबल आणि तीन खुर्च्या उरल्या होत्या. डेल्फिननं वाळल्या मक्याचं सूप केलं होतं, आणि आजीच्या हातचं असायचं तसं फ्रेंच पद्धतीचं मांसाच्या गोळ्यांचं कालवण. तिनं चार ताटल्या वाढल्या. चौथी उचलून मागच्या दारात गेली. कोलेत डोळे फिरवणार होती, पण आईनं ताटली दोन्ही हातांनी धरलेली बघून ती थांबली.

डेल्फिन गवतात उतरली. गुडघे मोडत खाली बसली, ताटली जमिनीला टेकवली. नदी खाली तपकिरी, हलत होती की नाही ते कळत नव्हतं. शाळेत पाचशे पोरांना ओरडून रांगेत लावणारी बाई, पण पहिली हाक हळूच आली.

"हापन," ती म्हणाली.

मग जोरात, "हापन! ए पोरी! चल, निघतोय आम्ही. जेवून घे आणि चल."

काही झालं नाही. वारा होता तेवढाच होता. सुपाची वाफ थोडा वेळ वर गेली आणि थांबली. एक कावळा आला नाही की पान हललं नाही. डेल्फिन तशीच बसून राहिली, आणि आत दोघी सूप गार होऊ देत दाराकडं बघत राहिल्या.

"माझे आजोबा," मृणालिनी हळू म्हणाली, कोलेतकडं न बघता, "आमचं गाव धरणात गेलं तेव्हा सगळे ट्रकमध्ये बसले तरी खाली उतरेनात. म्हणाले, उंबऱ्याला विचारल्याशिवाय कसं निघू. मग कुदळ घेतली आणि उंबराच उपटला. नव्या गावात तो कुठल्याच दाराला बसला नाही, मापच वेगळं. अजून गोठ्यात पडलाय."

"मग ते खूश होते का?"

"नाही," मृणालिनी म्हणाली. "पण मागं काही राहिलं, असं कधी म्हणाले नाहीत."

डेल्फिन आत आली. हात पुसले. कागद पुढं ओढला, ती ओळ बोटानं एकेक शब्द करून वाचली. मग उठली, शेवटचं म्हणून सगळ्या खोल्या फिरली. पलंगाच्या जागेखाली बघितलं, जिथं आता पलंग नव्हता. दाराआड बघितलं. जिन्याखाली वाकली. ताट वाढताना जिथं तिचा हात थांबायचा त्या जागेवर येऊन उभी राहिली, आणि बराच वेळ उभी राहिली.

"काय, आंटी?" मृणालिनीच्या तोंडून गेलं.

"काय नाय," डेल्फिन म्हणाली. "जागा मोकळी वाटती."

तिनं सही केली. अक्षर वाकडं आलं. बाहेर ताटली तशीच होती, गोळे तसेच, वर पातळ साय धरलेली. ती डेल्फिननं उचलली नाही.

गाडी निघाली. कोपऱ्यावरचं वळण आलं, आणि डेल्फिननं उभ्या आयुष्यात पहिल्यांदा मान मागं केली नाही. दोन्ही हात मांडीवर, नजर रस्त्यावर. कोलेतला ते विचित्र वाटलं.

"वळली नाहीस?"

"मागं काय हाय बघायला?"

मैलभर रस्ता मागं पडला. मक्याची शेतं कापून झाली होती, खुंटं तेवढी उभी होती.

"मोज," डेल्फिन म्हणाली.

"काय?"

"माणसं मोज गाडीतली."

"माँ, आपण दोघीच तर आहोत."

"तरी मोज. माझ्या आईला मी खोटं सांगितलं होतं. तू खरं सांग."

कोलेतनं सुस्कारा सोडला. "एक," ती म्हणाली, आणि हनुवटीनं आईकडं दाखवलं. "दोन," आणि स्वतःकडं. मग तिनं वरच्या आरशात बघितलं, मागचं वाहन बघावं तसं. मागच्या सीटवर दोन खोकी होती, एक गोधडी होती, आणि मधे थोडी जागा.

तिनं 'एवढंच' म्हटलं नाही. डेल्फिननंही विचारलं नाही.

थोड्या वेळानं कोलेतनं हात पुढं केला आणि मागच्या सीटचा हीटर लावला.